विद्यार्थी भीमराव

एका देशात घेतलेले शिक्षण पुढे दुसऱ्या देशातील नामांकित विद्यापीठात चालू ठेवणे ही आजही सोपी गोष्ट नाही. परक्या विद्यापीठास विद्यार्थ्याची ओळख नसते. त्याचे गाव, त्याचे घर, त्याने सोसलेले कष्ट यांपैकी कशाचीच त्याला कल्पना नसते. त्याच्यापुढे येतात ते केवळ काही कागद. आधीच्या विद्यापीठाचे प्रमाणपत्र, अभ्यासलेल्या विषयांची यादी, गुरुजनांची शिफारसपत्रे आणि विद्यार्थ्याचा अर्ज एवढ्यावरून त्याची पारख व्हावयाची असते. जागा थोड्या आणि इच्छुक पुष्कळ असल्यामुळे ही पारखही कसून होते. शंभर वर्षांपूर्वी, जेव्हा पत्रे आगबोटीने जात आणि उत्तरासाठी आठवडेच्या आठवडे वाट पाहावी लागे, तेव्हा महाराष्ट्रातील एका तरुणाने एकामागून एक तीन परक्या देशांतील विद्यापीठांकडे असे अर्ज केले. त्या तरुणाचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. भारताच्या राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून सारे त्यांना ओळखतात. परंतु त्या थोर कार्याला हात घालण्यापूर्वी भीमरावांनी विद्यार्थी म्हणून जी दीर्घ तपश्चर्या केली, तिची कथाही तितकीच मनन करण्यासारखी आहे.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी मध्य भारतातील महू येथे झाला. वडील रामजी सकपाळ हे सैन्यात सुभेदार होते व सैन्यातील शाळेत त्यांनी मुख्याध्यापकाचे कामही केले होते. भीमराव लहान असतानाच त्यांची आई भीमाबाई वारल्या. ज्या समाजात भीमराव जन्मले, त्याला त्या काळी अस्पृश्य मानीत. साताऱ्याच्या शाळेत त्यांना घरून आणलेल्या गोणपाटावर इतर मुलांपासून दूर बसावे लागे. तहान लागली तरी नळाला हात लावण्याची त्यांना मोकळीक नव्हती. शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे, आणि शिपाई नसेल त्या दिवशी तहानलेलेच राहावे लागे. संस्कृत शिकण्याची त्यांना फार इच्छा होती, पण तो विषय त्यांना घेऊ दिला गेला नाही. त्याऐवजी त्यांना फारसी शिकावी लागली.

पुढे हे कुटुंब मुंबईला आले आणि परळ येथील चाळीत एका खोलीत राहू लागले. भीमरावांचे नाव एल्फिन्स्टन हायस्कुलात घातले गेले. त्या खोलीतच स्वयंपाक, तेथेच झोपणे आणि तेथेच अभ्यास. सगळी निजली म्हणजे खोली शांत होई. म्हणून भीमराव संध्याकाळी लवकर झोपत, वडील रात्री दोन वाजेपर्यंत जागे राहत आणि मग मुलाला अभ्यासासाठी उठवून स्वतः अंग टाकीत. मुलाला पुस्तक हवे असेल, तर जवळ पैसा नसतानाही सुभेदार ते कोठून तरी मिळवून आणीत. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. त्यांच्या समाजात ही घटना इतकी अपूर्व होती की त्यांच्या सत्कारासाठी सभा भरली. त्या सभेस आलेले लेखक व शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. केळुसकर एवढ्यावर थांबले नाहीत. पुढे पैशावाचून शिक्षण अडते आहे असे दिसताच त्यांनी भीमरावांना बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे नेले. महाराजांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली आणि १९१२ साली भीमराव मुंबई विद्यापीठाचे बी.ए. झाले.

१९१३ च्या आरंभी ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. परंतु थोड्याच दिवसांत वडील अत्यवस्थ असल्याची बातमी आली आणि २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार वारले. मुलाच्या शिक्षणाचा सर्वांत मोठा आधार गेला. याच सुमारास काही निवडक विद्यार्थ्यांना अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात उच्च शिक्षणासाठी पाठविण्याचे सयाजीरावांनी ठरविले होते. भीमरावांची त्यासाठी निवड झाली. ४ जून १९१३ रोजी त्यांनी करारपत्रावर सही केली. तीन वर्षेपर्यंत दरमहा साडेअकरा पौंड मिळावयाचे आणि शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची सेवा करावयाची, असा तो करार होता. जुलै महिन्यात भीमराव न्यूयॉर्कला पोचले.

कोलंबिया हे अमेरिकेतील अत्यंत जुन्या विद्यापीठांपैकी एक. त्याची स्थापना १७५४ साली झाली आहे. मुंबईच्या बी.ए. पदवीच्या आधारावर भीमरावांनी तेथे पदव्युत्तर वर्गात नाव दाखल केले. तेथे एक नवीनच जग त्यांच्या अनुभवास आले. वर्गात कोठेही बसावे, कोणाबरोबरही जेवावे, ग्रंथालयातील कोणतेही पुस्तक मागावे. त्यास कोणाची हरकत नव्हती. नवल भाथेना नावाच्या एका पारशी विद्यार्थ्याशी त्यांची येथेच मैत्री जडली. ही मैत्री पुढे मोठ्या अडचणीच्या वेळी उपयोगी पडावयाची होती.

परदेशी गेलेल्या विद्यार्थ्यास मौजमजेचे अनेक मोह पडतात. भीमरावांनी मात्र शिष्यवृत्तीची तीन वर्षे दिवसादिवसाने मोजून वापरली. मिळणाऱ्या पैशांतून काही रक्कम त्यांना घरी पाठवावी लागे. उरलेल्या पैशांत ते काटकसरीने राहत आणि त्यातूनही वाचविलेले पैसे जुन्या पुस्तकांच्या दुकानांत खर्च होत. या तीन वर्षांत त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३ असे अभ्यासक्रम घेतले. त्याखेरीज फ्रेंच व जर्मन या भाषांचा प्रत्येकी एक अभ्यासक्रमही घेतला. म्हणजे एकंदर ६० अभ्यासक्रम झाले. पदवीसाठी एवढ्या सगळ्यांची गरज नव्हती. आयुष्यात पुन्हा अशी संधी येईल की नाही याचा भरवसा नसलेला माणूस ज्या ओढीने शिकतो, त्या ओढीने ते शिकत होते.

१९१५ साली प्राचीन भारतातील व्यापारावर प्रबंध लिहून त्यांनी एम.ए. ही पदवी मिळविली. मे १९१६ मध्ये प्रा. गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात त्यांनी भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला. ज्या रूढीचे चटके त्यांनी लहानपणी सोसले होते, तिची उत्पत्ती व रचना त्यांनी त्या निबंधात शास्त्रीय दृष्टीने तपासली. त्याच वर्षी भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नासंबंधीचा मोठा प्रबंधही त्यांनी पुरा केला. तथापि कोलंबियाची डॉक्टरची पदवी त्यांना त्या वेळी हाती घेता आली नाही. प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठास दिल्यावाचून ती पदवी देत नसत, आणि छपाईचा खर्च करण्याइतका पैसा त्यांच्याजवळ नव्हता.

भीमरावांच्या मनात आता दुसरा विचार घोळू लागला होता. भारताचा राज्यकारभार लंडनमधून चाले. त्या कारभाराचे अहवाल, हिशेब व दप्तरे लंडनच्या ग्रंथालयांत होती. भारताच्या आर्थिक प्रश्नांचा तळ गाठावयाचा, तर लंडनला गेले पाहिजे, हे त्यांनी ओळखले. शिवाय तेथे कायद्याचा अभ्यासही करता येण्यासारखा होता. महाराजांकडे विनंती करून त्यांनी लंडनला जाण्याची परवानगी मिळविली आणि १९१६ साली ते न्यूयॉर्कहून लंडनला आले.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स ही संस्था १८९५ साली स्थापन झाली. तिच्या नावात ‘स्कूल’ हा शब्द असला तरी ती मुलांची शाळा नाही. लंडन विद्यापीठातील उच्च शिक्षणाचे ते एक प्रख्यात केंद्र आहे. कोलंबियातील भीमरावांचे गुरू प्रा. एडविन सेलिग्मन यांनी तेथील अर्थशास्त्रज्ञ प्रा. हर्बर्ट फॉक्सवेल यांना पत्र लिहून आपल्या शिष्याची शिफारस केली. सेलिग्मन हे स्वतः मोठे अर्थशास्त्रज्ञ होते. त्यांनी भीमरावांचे काम तीन वर्षे जवळून पाहिले होते. म्हणून त्यांच्या शब्दाला वजन होते. शिफारसपत्राची किंमत ते लिहिणाऱ्याच्या मोठेपणावर अवलंबून असते हे खरे. परंतु असा मोठा मनुष्य ज्याच्यासाठी आपणहून लेखणी उचलतो, त्याने आधी आपल्या कामाने तो विश्वास मिळविलेला असावा लागतो.

येथे एक चमत्कारिक अडचण उभी राहिली. सामान्यतः विद्यार्थ्याची तयारी कमी पडते म्हणून त्याला प्रवेश नाकारतात. भीमरावांच्या बाबतीत त्याच्या उलट घडले. अमेरिकेत ज्याचा अभ्यास डॉक्टरच्या पदवीपर्यंत पोचला आहे, त्याला येथे मिळविण्यासारखे काय उरले आहे, असे फॉक्सवेल यांना वाटले. या विद्यार्थ्याला आपल्या संस्थेत सामील करून घेता येणार नाही याबद्दल त्यांनी संस्थेच्या चिटणीसांकडे खेदही व्यक्त केला. भीमरावांचा मार्ग मात्र निश्चित होता. डॉक्टर म्हणवून घेण्याची त्यांना घाई नव्हती; त्यांना लंडनमध्ये शिकावयाचे होते. म्हणून एक पायरी खाली उतरून त्यांनी एम.एस्सी. या पदवीसाठी आपले नाव नोंदविले. दहा गिनी, म्हणजे साडेदहा पौंड शुल्क भरले. प्रा. मॅकिंडर यांचा भूगोल, प्रा. हॉबहाऊस यांचे समाजशास्त्र आणि लोझ डिकिन्सन यांचे राजकीय विचारांवरील वर्ग त्यांनी घेतले. त्याच वर्षी नोव्हेंबरात ‘ग्रेज इन’ या संस्थेत बॅरिस्टरच्या अभ्यासासाठीही ते दाखल झाले. कोलंबियात केलेल्या कामाचा त्यांना असा लाभ झाला, की त्यांना लंडनमध्ये पहिल्या पदवीपासून पुन्हा आरंभ करावा लागला नाही.

परंतु हा अभ्यास जेमतेम एक वर्ष चालला. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि कराराप्रमाणे बडोद्याला रुजू होण्याचे बोलावणे आले. अर्धवट राहिलेला अभ्यास सोडून निघावयाचे! दुसरा एखादा असता तर निराश होऊन सामान बांधता आणि निघून जाता. भीमरावांनी निघण्यापूर्वी एक महत्त्वाची गोष्ट केली. प्रा. एडविन कॅनन यांच्या साहाय्याने त्यांनी लंडन विद्यापीठाकडून रजा मिळविली. चार वर्षांच्या आत परत आल्यास अपुरा अभ्यास पुढे चालू ठेवता येईल, अशी ती परवानगी होती. १९१७ साली मिळालेला हा कागद म्हणजे एक अर्धवट उघडे ठेवलेले दार होते. ते चार वर्षांनी बंद होणार होते.

त्या वेळी पहिले महायुद्ध चालू होते आणि समुद्रप्रवास धोक्याचा झाला होता. भीमराव एका बोटीने निघाले व त्यांचे सामान दुसऱ्या बोटीवर चढविण्यात आले. शत्रूच्या पाणबुडीने ही दुसरी बोट बुडविली. उपाशीतापाशी राहून जमविलेले ग्रंथ समुद्राच्या तळाशी गेले. भीमराव स्वतः सुखरूप मुंबईला पोचले.

बडोद्यास जे घडले, ते याहूनही कठीण होते. दोन खंडांतील नामांकित विद्यापीठांत शिकलेल्या या तरुणास बडोदा शहरात राहावयास जागा मिळेना. कचेरीतील शिपाई विटाळ होईल या भीतीने कागदपत्रे दुरून त्यांच्या टेबलावर टाकीत. पिण्यास पाणी मिळणेही कठीण होते. अखेर ते एका पारशी वसतिगृहात उतरले. पण तेथे ते कोण आहेत हे कळताच काही माणसे हातात काठ्या घेऊन आली आणि त्यांना त्याच दिवशी बाहेर पडावे लागले. रात्रीच्या गाडीची वेळ होईपर्यंत भीमराव शहरातील कामाठीबागेत बसून राहिले. ज्या पदव्यांनी परदेशातील विद्यापीठांची दारे उघडली होती, त्या पदव्यांनी स्वदेशातील एका साध्या खोलीचे दार उघडले नव्हते. ते मुंबईला परतले.

चार वर्षांपैकी दिवस भराभर जात होते. हातात नोकरी नव्हती, घरात माणसे होती आणि लंडनचे दार तर उघडे ठेवावयाचे होते. नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात त्यांना अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा मिळाली. पगार दरमहा ४५० रुपये होता. त्या काळी एवढ्या पगारात माणूस चांगल्या वस्तीत ऐसपैस राहू शकला असता. भीमराव मात्र परळच्या चाळीतल्या दोन खोल्यांतच राहिले. पत्नी रमाबाई यांनी अत्यंत काटकसरीने संसार चालविला. अर्ध्या मिळकतीत घर भागवावे आणि उरलेले लंडनसाठी बाजूला ठेवावे, असा क्रम त्या घराने पाळला. भीमरावांच्या अभ्यासाची कथा सांगताना रमाबाईंनी सोसलेल्या या ओढग्रस्तीचा विसर पडता कामा नये.

महाविद्यालयात काही प्राध्यापकांनी त्यांना सर्वांच्या भांड्यातील पाणी पिण्यास हरकत घेतली. विद्यार्थ्यांची गोष्ट निराळी होती. भीमराव विषय इतका तयार करून येत की त्यांची व्याख्याने ऐकण्यास बाहेरच्या महाविद्यालयांतील विद्यार्थीही येऊन बसत. याच काळात, जानेवारी १९२० मध्ये, कोल्हापूरचे राजर्षी शाहू छत्रपती यांच्या साहाय्याने त्यांनी ‘मूकनायक’ हे पाक्षिक सुरू केले. पण मुदतीचा विचार त्यांच्या मनातून क्षणभरही गेला नाही. साठविलेले पैसे पुरेसे नव्हते. शाहू महाराजांनी मदत केली, आणि कोलंबियातील मित्र नवल भाथेना यांनी पाच हजार रुपये कर्जाऊ दिले. प्राध्यापकाची जागा सोडून जुलै १९२० मध्ये भीमराव पुन्हा लंडनला निघाले. चार वर्षांची मुदत संपण्यापूर्वी ते आपल्या अपुऱ्या अभ्यासाकडे परत आले होते. शुल्क एका गिनीने वाढून अकरा गिनी झाले होते.

या वेळी मागे संस्थानचा आधार नव्हता. जो पैसा होता तो स्वतःच्या घामाचा आणि मित्राच्या कर्जाचा होता. सकाळी घरमालकिणीने दिलेला पावाचा तुकडा खाऊन भीमराव ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात जात. दार उघडताच आत शिरणाऱ्यांत ते असत आणि बंद होण्याच्या वेळी शेवटी बाहेर पडणाऱ्यांत ते असत. दुपारचे जेवण त्यांनी बहुधा सोडूनच दिले होते. रात्री पुन्हा वाचन सुरू होई. भूक अनावर झाली म्हणजे एका परिचिताने दिलेल्या पापडांपैकी चार पापड तळावे आणि त्यावर पेलाभर दूध प्यावे. सोबती झोपेतून जागा होई, तेव्हाही भीमरावांचा दिवा जळतच असे.

या परिश्रमांना फळ आले. जून १९२१ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवहारावरील प्रबंध मान्य होऊन ते एम.एस्सी. झाले. १९२२ च्या जूनमध्ये ते बॅरिस्टर झाले. दरम्यान जर्मनीतील बॉन विद्यापीठातही शिकण्याची त्यांना इच्छा झाली. १९२१ साली त्यांनी जर्मन भाषेत अर्ज लिहिला व त्यासोबत स्वतःच्या शिक्षणाचा वृत्तान्त जोडला. न्यूयॉर्कमध्ये जर्मनचा जो एक अभ्यासक्रम त्यांनी घेतला होता, तोही असा वाया गेला नाही. १९२२ च्या एप्रिलमध्ये बॉन येथे त्यांचे नाव दाखल झाले. परंतु लंडनचा मोठा प्रबंध अजून व्हावयाचा होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधणे शक्य नव्हते. भीमराव लंडनला परतले आणि बॉनचा अभ्यास तसाच राहिला. सर्व दारे उघडली तरी सर्व दारांतून एकाच वेळी जाता येत नाही. आधी आरंभिलेले काम कोणते, हे विद्यार्थ्याने ओळखावे लागते.

तो मोठा प्रबंध रुपयासंबंधी होता. सोने, चांदी आणि रुपया यांचा परस्परसंबंध सरकारने कसा ठरविला आणि त्याचा भारतीय जनतेवर कोणता परिणाम झाला, याचे विवेचन त्यांनी त्यात केले. ऑक्टोबर १९२२ मध्ये डी.एस्सी. या पदवीसाठी त्यांनी तो सादर केला. मार्च १९२३ मध्ये परीक्षकांचा निर्णय कळला. प्रबंध जसाच्या तसा स्वीकारता येत नाही, तो पुन्हा लिहून द्यावा, असे त्यांनी सुचविले होते. सरकारच्या धोरणावर त्यात केलेली टीका फार तिखट आहे, असे कित्येकांना वाटले होते. सहा वर्षांची धडपड, मित्राचे कर्ज आणि उपासमार यांनंतर हाती आलेला हा निकाल ऐकून कोणाचेही धैर्य खचले असते. जवळचा पैसाही संपला होता. एप्रिल १९२३ मध्ये भीमराव मुंबईला परत आले. परळच्या त्याच वस्तीत बसून त्यांनी प्रबंधाची फेररचना केली. मांडणी बदलली, पण आपले निष्कर्ष सोडले नाहीत. ऑगस्टमध्ये प्रबंध पुन्हा सादर झाला आणि नोव्हेंबर १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाने त्यांना डी.एस्सी. ही पदवी दिली. त्याच वर्षी तो ग्रंथरूपाने लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्याची प्रस्तावना प्रा. कॅनन यांनी लिहिली. आपल्या शिष्याची सर्व मते त्यांना मान्य नव्हती आणि तसे त्यांनी मोकळेपणाने नमूदही केले. तरीपण त्याच्या विचारांतील ताजेपणाची त्यांनी तारीफ केली.

कोलंबियाचे काम अद्याप शिल्लक होते. १९२५ साली ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थकारणाच्या विकासावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याची प्रस्तावना प्रा. सेलिग्मन यांनी लिहिली होती आणि भीमरावांनी तो सयाजीराव महाराजांना अर्पण केला होता. छापील ग्रंथ विद्यापीठाच्या हाती पडला आणि १९२७ साली कोलंबियाने त्यांना पीएच.डी. ही पदवी रीतसर प्रदान केली. १९१३ साली न्यूयॉर्कच्या बंदरात उतरलेल्या विद्यार्थ्याचा अभ्यास या रीतीने चौदा वर्षांनी पूर्ण झाला. त्याच १९२७ साली महाड येथे चवदार तळ्याचे पाणी सर्वांना खुले व्हावे म्हणून त्यांनी सत्याग्रह केला. शाळेत तहानलेला राहिलेला मुलगा आता हजारो तहानलेल्यांचा पुढारी झाला होता. लोक त्यांना बाबासाहेब म्हणू लागले.

आपल्याला मिळालेल्या विद्येचा लाभ आपल्यापुरता राहू नये, याची बाबासाहेबांनी आयुष्यभर काळजी घेतली. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. तिच्या वतीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० साली औरंगाबाद येथे महाविद्यालय निघाले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झाले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सभासद असताना त्यांनी सरकारकडे निवेदन देऊन दलित विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणासाठी पैशाची तरतूद मागितली. एका महाराजांच्या कृपेने एकाला मिळालेली संधी अनेकांना हक्काने मिळावी, हा त्यामागील हेतू होता. पुढे घटनेचा मसुदा तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांनी जे काम केले, त्यात न्यूयॉर्क व लंडन येथील त्या रात्रींचे वाचन त्यांच्या पाठीशी उभे होते. १९५२ साली कोलंबिया विद्यापीठाने आपल्या या जुन्या विद्यार्थ्याला आपण होऊन बोलावले आणि सन्मान्य डॉक्टरची पदवी अर्पण केली. या वेळी अर्ज करावा लागला नव्हता.

६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्ली येथे बाबासाहेबांचे निधन झाले. लंडनमध्ये किंग हेन्रीज रोडवरील ज्या घरात ते विद्यार्थिदशेत राहिले, ते घर महाराष्ट्र शासनाने विकत घेतले आणि २०१५ साली स्मारक म्हणून खुले केले.

मोठ्या विद्यापीठात प्रवेश मिळाला म्हणजे विद्या मिळाली, असे पुष्कळांना वाटते. भीमरावांच्या चरित्रावरून दिसते ते असे की, प्रवेश हा केवळ आरंभ होय. एका ठिकाणी मनापासून केलेले काम दुसऱ्या ठिकाणी शिफारस बनते. योग्य वेळी मागितलेली परवानगी बंद होणारे दार उघडे ठेवते. आणि परत आलेला प्रबंध पुन्हा लिहून काढणाऱ्यालाच अखेर पदवी मिळते. अडचणी येतात तेव्हा अभ्यास थांबतो, यात विद्यार्थ्याचा दोष नाही. थांबलेल्या अभ्यासाकडे तो परत येतो की नाही, यातच त्याच्या विद्याप्रेमाची खरी परीक्षा आहे.